बी न धरणारी लिली

जूनच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या कुठल्याही आडरस्त्याने गाडी काढा, दोन्ही बाजूंच्या चरांमध्ये नारिंगी फुलांचे ताटवे उभे असतात. कमरेएवढे उंच दांडे, त्यांवर तोंड वर करून बसलेली तुतारीसारखी फुलं आणि खाली लांब, गवतासारख्या पानांचा झुबका. टपालपेट्यांच्या पायथ्याशी, पडक्या कोठारांच्या भिंतीलगत, रेल्वेच्या रुळांकडेला, जिथे बघाल तिथे. कोणी मुद्दाम लावलंय असं वाटत नाही, कोणी पाणी घालताना दिसत नाही. इथली माणसं तिला 'डिच लिली' म्हणतात, म्हणजे चरातली लिली. आपण घाणेरीला घाणेरी म्हणतो तशातलाच प्रकार. नावातच पत कळते.

आता गंमत अशी, की ही लिली इथली रानटी तर नाहीच, पण तिला बीही धरत नाही. वाऱ्याने किंवा पाखरांनी बी पसरून ती रस्त्याकडेला आलेली नाही, कारण पसरायला बीच नाही. तिचा प्रत्येक ताटवा कधी ना कधी कोणाच्या तरी हाताने लावलेल्या, नाहीतर उपटून फेकून दिलेल्या गड्ड्यातून वाढलेला आहे. आणि हे बहुतेक सगळे गड्डे मुळात एकाच झाडाचे तुकडे आहेत! शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस फुल्वा, आणि या विशिष्ट वाणाचं नाव 'युरोपा'.

हे सगळं वाचत बसायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या घराच्या दक्षिण भिंतीलगत बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा पट्टा या वसंतात मोकळा झाला. ऊन भरपूर, माती चिकण, आणि माझ्याकडे रोज खुरपं घेऊन बसायला वेळ नाही. अशा जागेला डे-लिलीसारखी दुसरी गोष्ट नाही असं सगळे सांगतात. (हरणं डे-लिली खातात हे मला माहीत आहे. ते कळवायची तसदी कृपया कोणी घेऊ नये.) बारा फुटांत फार तर सहा झाडं मावतील. निवडायला कॅटलॉग उघडला, तर नोंदवलेले वाण एक लाखाच्या घरात! साडीच्या दुकानात सगळी कपाटं एकदम गादीवर ओतल्यावर होतं तसं झालं. शेवटी म्हटलं, ही बया मुळात आली कुठून ते तरी बघू.

आधी एक खुलासा. डे-लिली ही खरी लिली नाही. खऱ्या लिलीला कांदा असतो, हिला जाड, मांसल मुळ्या असतात, शतावरीच्या मुळ्यांची आठवण व्हावी अशा. हल्लीच्या वर्गीकरणात तर तिला कोरफडीच्या कुळात बसवलंय. म्हणजे सातारच्या आमच्या गच्चीवरची कोरफड आणि ही नारिंगी नटवी चुलत बहिणी. फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटून जातं. दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावरची दुसरी कळी उमलते. लिनियसने 1753 मध्ये या वंशाचं नाव कायम केलं ते 'दिवस' आणि 'सौंदर्य' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरूनच.

पण लिनियसच्या कितीतरी आधी ती चीनमध्ये घराघरांत होती. तिथे तिला दुःख विसरायला लावणारं गवत म्हणत. 'शी चिंग' हा चिनी कवितांचा अतिप्राचीन संग्रह. त्यातल्या एका कवितेत नवरा लढाईवर गेलेली एक बाई हे गवत घरामागे लावायला कुठून मिळेल असं विचारते. कविता अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. आईची खोली घराच्या मागच्या, उत्तरेच्या बाजूला असे आणि हे झाड तिथेच लावत, म्हणून पुढे या झाडाचं नाव आईशीच जोडलं गेलं. 'श्वान-थांग', शब्दशः डे-लिलीचा दिवाणखाना, म्हणजे आई. दुसऱ्याच्या आईबद्दल आदराने बोलायचा तो शब्द झाला.

आणि चिनी माणूस नुसत्या शोभेवर थांबणारा नव्हे. त्यांनी तिला स्वयंपाकघरातही घेतलं. पिवळ्या जातीच्या कळ्या उमलण्याआधी खुडतात, वाफवतात आणि वाळवतात. त्यांना म्हणतात 'सोन्याच्या सुया'. इथल्या चिनी वाणसामानाच्या दुकानात पाकिटं मिळतात, आणि अस्सल हॉट अँड सार सूपमध्ये ज्या तपकिरी काड्या लागतात त्या ह्याच. शान्शी प्रांतातल्या तातुंग भागात आजही त्यांची मोठी शेती आहे. मी एक पाकीट आणून भिजवून आमटीत घातलं. नवऱ्याने न बोलता खाल्लं, एवढंच लिहिते.

युरोपात ती सोळाव्या शतकात पोचली. पूर्वेकडून व्यापाऱ्यांच्या सामानातून आलेल्या गड्ड्यांना तिथल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी कौतुकाने वाफ्यात जागा दिली. लोबेलने 1570च्या दशकात तिचं वर्णन केलं, आणि लंडनच्या जॉन जेरार्डच्या 1597च्या प्रसिद्ध ग्रंथात पिवळी आणि नारिंगी अशा दोन्ही आहेत. तिथून वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून ती अमेरिकेत आली. तिचे गड्डे कितीतरी दिवस पाण्या-मातीवाचून तग धरतात. नवीन घरी जाणाऱ्या बाईच्या सामानात एखादा तुकडा असायचा, तो दाराशी लागायचा. पुढे घर पडायचं, माणसं निघून जायची, लिली तिथेच. आजही रानात मध्येच डे-लिलीचा चौकोनी ताटवा दिसला तर तिथे कधीकाळी घर असावं असा अंदाज करतात, आपल्याकडे माळावर एकटं तुळशीवृंदावन दिसल्यावर करतो तसा.

आमच्याकडची नारिंगी कुंपणावरून आली. शेजारी एक इटालियन आजी राहायच्या. 2011च्या सप्टेंबरात त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गड्डा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, की हा माझ्या सासूच्या दारातला आहे, आणि तिला तिच्या सासूने दिला होता. लाव कुठेही, मरणार नाही. लावला भिंतीच्या कोपऱ्यात. खरंच मेला नाही.

2014 साली आई इथे आली तेव्हा तो ऐन बहरात होता. आई म्हणजे बी जमवणारी बाई. कोणाच्याही दारातलं फूल आवडलं की आधी त्याची शेंग शोधणार, बी कागदाच्या पुडीत बांधणार आणि पुडीवर कोणाच्या दारातलं ते लिहिणार. ती जुलैचा अख्खा महिना त्या गड्ड्यापाशी रोज सकाळी चक्कर मारायची. फुलं गळत होती, देठ वाळत होते, बोंड काही धरत नव्हतं. शेवटी वैतागून म्हणाली, "अगं, एवढी फुलं येतात आणि बी एकालाही नाही? असं कसं?" मी म्हटलं, असेल काहीतरी, आणि विषय तिथेच राहिला.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्या एका मुलालाही पडला होता. आर्लो बर्डेट स्टाउट, जन्म 1876. आईच्या बागेतल्या नारिंगी डे-लिलींना बी का धरत नाही हे कोडं त्याला लहानपणी पडलं आणि तो पुढे वनस्पतीशास्त्रज्ञ झाला, असं त्याच्याबद्दल सांगतात. लहान मुलांचे प्रश्न सहसा दहावीपर्यंत विरून जातात. याचा टिकला. 1911 मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रुजू झाला आणि झाडांमधलं वांझपण हाच त्याचा आयुष्यभराचा अभ्यास ठरला. अव्होकाडोची फुलं दिवसातून कधी मादीसारखी तर कधी नरासारखी वागतात, त्याचा उलगडा करण्यात त्याचा मोठा वाटा होता. बिनबियांच्या द्राक्षांवरही त्याने काम केलं. पण मन डे-लिलीत.

त्याने नारिंगी फुलांवर हाताने पराग टाकून पाहिले. एकदोनदा नव्हे, हजारो फुलांवर. हाती लागल्या मूठभर बिया. 'युरोपा' हे नावही त्यानेच दिलं. मूळ कारण गुणसूत्रं मोजल्यावर स्पष्ट झालं. साध्या डे-लिलीत 22 गुणसूत्रं, म्हणजे 11चे दोन संच. 'युरोपा'त 33, म्हणजे तीन संच. बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि तिघांत जोड्या कशा लागणार? एक उपराच राहतो. मध्यंतरी आईला हे फोनवर सांगितलं तर ती एका वाक्यात म्हणाली, "म्हणजे केळीसारखंच की." अगदी तसंच! आपली खायची केळी तीन संचांचीच, म्हणून तिला बी नाही आणि म्हणून ती मुनव्यांनी लावायची. स्टाउटला ज्याला वर्षं लागली ते पटायला आईला अर्धा मिनिट लागला, पण तिच्या परसात केळ होती, हेही खरं.

स्टाउट कोडं सोडवून थांबला नाही. तोवर डे-लिली म्हणजे पिवळी नाहीतर नारिंगी, बस. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या जॉर्ज येल्ड नावाच्या शाळामास्तरांनी 1890च्या दशकात 'ॲप्रिकॉट' नावाचा पहिला नावाजलेला संकर केला होता, पण तोही पिवळ्या-नारिंगीच्या मधलाच. स्टाउटचा चीनमधला दुवा म्हणजे नानकिंग विद्यापीठात शिकवणारे अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ अल्बर्ट स्टीवर्ड. 1920च्या दशकात त्यांनी डोंगरांतून गोळा केलेली झाडं ब्राँक्सला पाठवली आणि त्यांत एक गुलाबी छटेची निघाली. पुढच्या सगळ्या गुलाबी डे-लिलींमध्ये तिचं रक्त आहे. लालसाठी स्टाउटने पिढ्यानपिढ्या संकर केले आणि 1934 मध्ये 'थेरॉन' आणली, गडद लालसर तपकिरी. त्याच वर्षी त्याचं 'डेलिलीज' हे पुस्तक आलं. हजारो रोपांतून त्याने शंभराच्या आसपास वाण बाहेर काढले, बाकीची खतात. एवढा निष्ठुरपणा माझ्याच्याने होणार नाही, माझ्याकडे अजून तीन वर्षांपूर्वीची मरतुकडी मिरची कुंडीत आहे.

यानंतरचा इतिहास माणसांच्या वेडाचा आहे. 1946 मध्ये आयोवातल्या शेनँडोआ गावी डे-लिलीवाल्यांची संघटना निघाली. तिला हेलन फील्ड फिशर या बाईंच्या रेडिओवरच्या बागकामाच्या कार्यक्रमाचा आधार होता. शेतांवर एकेकट्या राहणाऱ्या बायका तो ऐकत. सभासदांमध्ये 'राउंड रॉबिन' चालायचे, म्हणजे पत्रांचं एक जाडजूड पाकीट घरोघर फिरायचं. आपलं जुनं पत्र काढून घ्यायचं, नवीन घालायचं, पुढे धाडायचं. आपण ब्लॉगवाले एकमेकांच्या पानांवर फिरून जे करतो ते या बायका टपालाने करत होत्या. कळीला कोणता रंग आला, कोणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं, सगळं एकाच पाकिटात.

मग आलं रसायन. काही झाडांच्या विषारी कोल्चिसिनने पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात हे 1937 मध्ये कळलं. हे कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या कळलावीतही असतं, बरं का. ऑर्व्हिल फे आणि रॉबर्ट ग्रीसबाख यांनी ते डे-लिलीच्या रोपांवर वापरलं आणि 1961 मध्ये शिकागोच्या अधिवेशनात चार संचांच्या, 44 गुणसूत्रांच्या डे-लिली मांडल्या. फुलं मोठी, पाकळ्या जाड, रंग भडक. तिथून बांध फुटला. आज झालरीच्या कडा, जांभळे डोळे, कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्या, सगळं मिळतं. माझं स्पष्ट मत विचाराल तर त्यातली निम्मी फुलं लग्नाच्या हॉलमधल्या पडद्यांसारखी दिसतात. एक नवा झालरीचा वाण दीडशे डॉलरला आहे. एका दिवसाच्या फुलाला.

तर निवड. इथे हिवाळा कडक, म्हणून पानं थंडीत पूर्ण झडून जमिनीत झोपणारे वाण बरे. फ्लोरिडात वाढवलेल्या सदाहरित सुंदरी इकडे पहिल्या हिवाळ्यातच मान टाकू शकतात. दुसरं म्हणजे फुलाचा फोटो बघून भुलायचं नाही, दांड्यावर कळ्या किती ते विचारायचं. फूल एक दिवसाचं, तेव्हा कळ्या बारा असतील तर दोन आठवड्यांत खेळ खलास. 'स्टेला दे ओरो' मला नको. वॉल्टर जब्लॉन्स्की या इंडियानातल्या हौशी माणसाने 1975 मध्ये नोंदवलेला हा बुटका सोनेरी वाण पुन्हा पुन्हा फुलतो, 1985 मध्ये त्याला स्टाउटच्याच नावाचं पदक मिळालं, सगळं कबूल. पण प्रत्येक बँकेच्या आणि पेट्रोल पंपाच्या दारात तोच आहे. त्याच्या वंशातली डॅरेल ॲप्स यांची 'हॅपी रिटर्न्स' घेतेय. फिकट लिंबाचा रंग, तीही परत परत फुलणारी. मागच्या रांगेत 1920च्या दशकातली 'हायपेरियन', उंच, पिवळी आणि सुवासिक. डे-लिलींमध्ये वास दुर्मीळ झालाय, मोठ्या फुलांच्या नादात लोक तो विसरले. आणि ऑगस्टसाठी स्टाउटचीच 'ऑटम मिनारेट', दांडा साडेपाच फुटांपर्यंत जातो. बाकी सगळ्या आटोपल्यावर ही एकटी उभी राहते म्हणे. अशा प्रत्येकी दोन, म्हणजे सहा झाल्या.

प्रश्न उरला कोपऱ्यातल्या नारिंगीचा. बागेतल्या जाणत्यांचं मत एकच आहे, काढून टाका. ती जमिनीखालून पाय पसरत जाते आणि दोन-चार वर्षांत बाकीच्यांना गिळते. काही राज्यांत ती उपद्रवी परदेशी झाडांच्या यादीत आहे, आणि ओढ्याकाठी पसरली की मूळच्या झाडांना जागा देत नाही. हे खोटं नाही, ओढ्याकाठचे ताटवे मी पाहिलेत. पण शेजारच्या आजी 2019 मध्ये गेल्या. घर विकलं गेलं, नव्या मालकांनी त्यांची सगळी बाग काढून हिरवळ पसरली. त्यांच्या सासूच्या सासूची लिली आता माझ्याचकडे उरलीय. आणि आई 84 वर्षांची आहे, आता काही तिचं इकडे येणं होणार नाही. दर जूनमध्ये फोनवर विचारते, "ती बिनबियांची फुलली का गं?" तिला 'हायपेरियन'चं नाव सांगून काय उपयोग?

गॅरेजची भिंत आणि गाडीच्या सिमेंटच्या वाटेमध्ये दीड फुटाची एक चीर आहे, चारी बाजूंनी बंद. तिथे तिची बदली करतेय. तिथून तिला कुठेही जाता येणार नाही, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल, म्हणजे फोनवर बोलता बोलता कळ्या मोजून सांगता येतील.

ऑगस्टच्या अखेरीस गड्डा खणणार आहे. चौदा वर्षांहून जास्त वयाचा आहे, वीसेक तुकडे सहज निघतील. एडिसन-पिस्कॅटवेकडच्या कोणाला हवे असतील तर कळवा, वर्तमानपत्र मी देईन, पिशवी तुमची. मात्र अंगणात ओढा किंवा मोकळं रान असेल तर नको, नाहीतर मोठ्या बुडवलेल्या कुंडीत लावा. आणि घरात मांजर असेल त्यांनी मुळीच नेऊ नये. डे-लिलीचं पान चावलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लावताना गड्डा फार खोल घालू नका, खोडाचा गळा मातीच्या इंचभरच खाली राहू दे. पहिल्या वर्षी फूल नाही आलं तर लगेच मला फोन करू नका.